तुमच्या तोंडी माझी हाक

आक्का, त्या सकाळी मी खिंड उतरत होते आणि वाडीला वाटत होतं की मी वर पठारावर शेरडं चारते आहे. वर तुम्ही होता. माझी शेरडं घेऊन माझी हाक देत होता. हुर्रऽऽ या, या, या, आणि शेवटी टाळूला जीभ लावून टक टक. सोप्यात बसलेल्या चिमीच्या बापाला ती ऐकू जात होती, म्हणून तो निवांत चहा पीत होता. मी चिमीला पाठीशी बांधलं होतं आणि विंझरच्या वाटेला लागले होते. गणपती उठले होते, गवत माझ्या खांद्याला लागत होतं. माझीच हाक माझ्या पाठीमागून येत होती. खाली ओढ्याच्या आवाजात ती बुडाली, तेव्हा मी एकदा थांबले. चिमी म्हणाली, "आई, तू वर कशी काय वरडतीस?" मी तिच्या तोंडावर हात ठेवला आणि चालायला लागले.

तुम्हाला वाचता येत नाही, मला चौथीपुरतं येतं. म्हणून हे मोकळेपणानं लिहिते. कुणाला दाखवणार नाही.

आदल्या दिवशी झऱ्यावर तुम्ही म्हणाला होता, "सगुणे, उद्या शेरडं म्या घेते. तू पोरीला घी आन् जा."

"आन् तुमी?"

"दोगी गेलो तर हाक कोन देईल? हाक थांबली की तो उठला म्हनून समज."

मग तुम्ही हाक शिकायला बसला. या, या, या जमलं. टक टक काही जमेना. पुढचा दात पडलेला, त्यातून वारा जायचा आणि फस्स फस्स असं व्हायचं. शेरडं तुमच्याकडं बघून परत गवतात तोंड घालायची. तुम्ही म्हणाला, "मेली बगतबी न्हाईत. सवतीगत वागत्यात माझ्याशी." आपण दोघी पदर तोंडात धरून हसलो. एवढं हसू त्या घरात मला कधी आलं नव्हतं.

ती हाक माझ्या आईची. लहानपणी ती म्हणायची, "रोज येकसारकी दे गं, जनावराला वळखू आली पायजे." शाळा सुटली, पण हाक सुटली नाही. माणसांत मी कधी मोठ्यानं बोलले नाही. लग्नातसुद्धा लोक म्हणत होते, पोरगी मुकी आहे का. डोंगरात मात्र माझा आवाज पलीकडच्या वाडीपर्यंत जायचा.

घरातलं तुम्हाला काय सांगू. आपल्या धनगराची काठी खांद्यावर असते. चिमीचा बाप ती भिंतीला टेकवायचा. हळू, पडू नये अशी. मग दाराची कडी. तो कधी ओरडला नाही. तो हळू बोलायचा, आणि जेवढा हळू बोलायचा तेवढी मी भिंतीकडं सरकायचे. वाडीत कुणाला काही ऐकू गेलं नाही. ज्यांना दिसलं ते जनावरांकडं बघायला लागले. तुम्ही बघत राहिलात. थोरले दीर गेल्यापासून तुम्हाला त्या घरात जागा चुलीपाशीच, पण कडी वाजली की तुम्ही बाहेरून "भाकरी करपली गं" म्हणून हाक मारायचा. भाकरी कधी करपलेली नसायची.

विंझरच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी माझं मनगट बघितलं होतं, तेव्हा तुम्ही शेजारी होता. त्या आपल्या दोघींना म्हणाल्या होत्या, कापूरहोळला उतरा, भोरच्या फाट्यावर थांबा, तिथून माणूस घ्यायला येईल. तुम्ही ते तीनदा म्हणून पाठ केलं होतं. मला वाटलं, माझ्यासाठी करताय.

आता मी जिथं राहते त्या गावाचं नाव लिहीत नाही. तसं सांगितलेलं आहे. फाट्यापासून फार आत नाही. माझ्यासारख्या घर सोडून आलेल्या बायकांसाठीचं मोठं घर आहे, गेट आहे, गेटवर कॅमेरा आहे. पहिले काही दिवस मी त्या कॅमेऱ्यापुढून जाताना पदर ओढून घ्यायचे. आल्या दिवशी हे घर चालवणाऱ्या मॅडमनी नवऱ्याचं नाव विचारलं. मी ते कधी तोंडानं घेतलं नव्हतं, मान खाली घालून बसले. स्वयंपाकाच्या पारूमावशी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "उखान्यात घी बाई, पन घी. बिनानावाचा मानूस पोलिसाला कसा घावंल?" मॅडम हसल्या, मीही हसले, मग मला रडू आलं. नाव घेतलं. आता मी त्याला 'तो' असं लिहिते. तिथं असताना 'ते' म्हणायचे.

इथल्या बायका निरनिराळ्या आहेत. एक कंपनीत पॅकिंगला होती, एक शाळेत शिकवत होती. तिची पुस्तकं आणि माझी चौथी, पण गेटची कडी वाजली की दोघी सारख्याच दचकतो. मी शिवणयंत्र शिकले. चिमी इथल्या शाळेत जाते, तिला मोबाईलवर गाणी लावता येतात. कोर्टाच्या तारखेला इथं कुणी एकटी जात नाही, दोघी बरोबर जातात. समोर नवरा बसलेला असला तर मधल्या जागेत त्या बसतात. पारूमावशींच्या वस्तीवरच्या बायका दुपारी येतात, भाजी निवडतात, गप्पा मारतात. मला आधी वाटायचं, यांना घरी काम नाही का. नंतर कळलं, त्या भाजीकडं कमी आणि रस्त्याकडं जास्त बघतात.

दिवाळी झाली. आक्का, दिवाळीनंतर मेंढरं खाली उतरतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. वरची शेरडं आपल्याकडं ठेवून तो मेंढरं घेऊन उतरायचा. लग्न झालं तेव्हा मीही बिऱ्हाडामागं चालले होते. शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घेतात, किकवीपासून कापूरहोळपर्यंत हे आपल्याच माणसांचं रान. पण मी एस.टी.नं आले. गाडीच्या काचेतून ते रान मला ओळखू आलं नाही. पायी आले असते तर पहिल्याच दिवशी ओळखलं असतं.

पारूमावशींची शेरडं आमच्या मागच्या आवारात बांधलेली असतात. एका दुपारी दावं सुटून ती शेजारच्या हरभऱ्यात शिरली आणि रस्त्याकडं निघाली. सगळ्या हाड हाड करत होत्या, त्यानं ती आणखी पुढं पळत होती. माझ्या तोंडून हाक गेली. हुर्रऽऽ या, या, या. टक टक. माझी नव्हती ती शेरडं, पण जागेवर थांबली आणि वळली.

पारूमावशी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "अगं बया, तुला तोंड हाय व्हय? आन् म्या म्हनलं, मॅडमनी मुकी आनली."

सगळ्या हसल्या. मलाही बरं वाटलं. किती दिवसांनी छाती मोकळी झाली होती.

हसणं चालू असतानाच हरभऱ्यातून चित्या आला. आपला मेंढरांमागचा कुत्रा. जीभ बाहेर, अंगाला कुसळं चिकटलेली. माझ्या पायावर येऊन पडला, मग चिमीचे हात चाटायला लागला. चिमी त्याच्या गळ्यात पडली. त्याच्या अंगाला आपल्या घोंगडीचा वास येत होता. मला तो वास घ्यावासा वाटला, पण मी चिमीला मागं ओढलं. चित्या कधी एकटा फिरत नाही.

मी एवढंच म्हणाले, "हाक ऐकून आलाय. मागनं तो येईल."

पारूमावशींनी मला आणि चिमीला आतल्या खोलीत ढकललं आणि वस्तीकडं गेल्या. मॅडमनी पोलिसांना फोन लावला. गाडी भोरहून यायची होती. बाहेर चित्या गेटपाशी बसून राहिला होता, आमच्या खिडकीकडं तोंड करून.

खिडकी बंद होती, फटीतून चित्या तेवढा दिसायचा, पण मला आवाज आला. काठी टेकवल्याचा. गेटच्या खांबाला, हळू, पडू नये अशी. चिमीनं माझ्या कुशीत तोंड लपवलं. तिलाही तो आवाज पाठ होता.

"आमची मंडळी हाय हितं," तो म्हणाला. तसाच हळू.

पारूमावशी परत आल्या होत्या. "हितं समद्या मंडळीच हायत बाबा. तुजी कंची?"

"तिची हाक आली. म्या वळखतो."

"कंची हाक? ही व्हय?" आणि पारूमावशींनी माझी हाक दिली. एकदाच ऐकलेली, पण दिली. "माज्या शेरडास्नी देते म्या. तुला काय करायचंय?"

तेवढ्यात विहिरीकडून तीच हाक आली. मग हरभऱ्याच्या पलीकडून. मग वस्तीवरून. कुणाची टक टक राहिली, कुणी कोंबड्या बोलावल्यासारखं केलं, एकीला मधेच हसू फुटलं असावं. चित्या विहिरीकडं धावला, तिथून बांधाकडं धावला, परत आला आणि मधे उभा राहून कण्हायला लागला. मी आत बसून माझा आवाज चारी दिशांनी ऐकत होते. तुमची आठवण झाली. त्या सकाळी तुम्ही एकट्या होता.

मग तो हसला. ते हसू मला भिंतीतून दिसलं.

"आमच्या वैनीलाबी येती ही हाक," तो म्हणाला. "लई नक्कल करायची. आता देत न्हाई."

काठी उचलली, खांद्यावर घेतली, चित्याला शीळ घातली. चित्या दोनदा मागं वळून बघत गेला. मेंढरांच्या घंटा बराच वेळ ऐकू येत होत्या. पोलीस नंतर आले.

तो काय म्हणाला ते मी मॅडमना सांगितलं. दुसऱ्या दिवशी नर्सबाई वाडीवर चढून गेल्या. परत येऊन मला समोर बसवून म्हणाल्या, घराला कुलूप आहे. शेरडांचं वाडगं रिकामं आहे. तुझी शेरडं दुसऱ्याच्या वाड्यात बांधलेली आहेत. वाडीतली माणसं म्हणतात, थोरली तिच्या भावाकडं गेली.

आक्का, तुम्हाला भाऊ नाही.

ते मी पोलिसांना सांगितलं, आमच्या पारूमावशी आणि इथल्याच त्या शाळेत शिकवणाऱ्या बाई दोन बाजूंना बसल्या होत्या. पोलिसांनी लिहून घेतलं. ते वाडीवर जाऊन आले, त्याला बोलावून विचारलं, सोडलं, परत विचारणार आहेत. त्यानं इथं जवळ यायचं नाही असा कोर्टाचा कागदही निघाला आहे. मेंढरं आता किकवीच्या पुढं गेली म्हणतात. पावसाच्या आत ती परत याच रस्त्यानं वर चढतील.

मॅडम म्हणाल्या, जागा त्याला कळली आहे, तुला आणि चिमीला पुण्यात दुसरीकडं हलवते. त्यांचं बरोबर आहे. गाडीही सांगितली होती. चिमीची दप्तराची पिशवी भरलेली होती. मी कधी कुणाला नाही म्हटलेलं नाही, तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी म्हटलं. "चिमीला पाठवा. मी हितंच राहते." मॅडमनी विचारलं का. मी म्हटलं, आक्कांना पुण्याचा रस्ता सांगितलेला नाही. त्यांना फक्त फाटा ठाऊक आहे.

चिमी गेली. शाळेतल्या बाई तिच्याबरोबर गेल्या, त्यांना तिकडं नोकरी मिळाली आहे. जाताना चिमीनं गाडीच्या काचेतून मला हाक दिली. आपली हाक. टक टकसुद्धा. गाडीतले सगळे बघायला लागले आणि ती लाजली. माझ्यासारखीच लाजते.

पारूमावशींनी नंतर वस्तीवर सगळ्यांना बसवलं. म्हणाल्या, "आता शेरडं, म्हशी, कोंबड्या, काय बी घरी आना, हीच हाक द्यायची. फाट्यापातुर." एक म्हातारी म्हणाली, "माजी म्हस या हाकंला भ्याली तर?" पारूमावशी म्हणाल्या, "तुला भेत न्हाई ती, हाकंला काय भ्यायची." तेव्हापासून ते चालू आहे. उन्हं उतरली की आधी फाट्याजवळच्या घरातून हाक येते, मग विहिरीवरून, मग बांधावरून, आणि शेवटची पारूमावशींची. मी देत नाही. माझी कुठली हे आता कुणाला सांगता येणार नाही.

वर असताना घर म्हटलं की मला ती कडी आठवायची. इथली खोलीही घर नाही, ती उद्या दुसरीला लागेल. आता घर म्हणजे फाट्यापासून इथपर्यंत, जेवढ्यात ती हाक ऐकू येते तेवढं. तुम्ही कुठं असाल तिथून निघा. कुठून निघायचं, कसं निघायचं, मला सांगता येत नाही. पण फाट्यावर पोचलात की थांबू नका, उन्हं उतरायच्या वेळी जिकडून हाक येईल त्या दारात जा. मला विचारू नका, नाव सांगू नका. त्या बाईला ठाऊक आहे. आणि तोंडात बळ असलं तर एकदा तुम्हीही द्या.

मी रोज गेटच्या आत उभी राहून शेवटची हाक होईपर्यंत ऐकते. सगळ्यांचं टक टक आता नीट यायला लागलं आहे. मी दातातून वारा जाणाऱ्या हाकेची वाट बघते.