हौदाला जास्तीचं सिमेंट

सिमेंट करताना एवढा धूर होतो, तर लोक ते कमी का वापरत नाहीत, असं तुम्ही फोनवर विचारलंत. लोकांना कमी वापरता येत नाही, एवढंच. मी एकदा प्रयत्न करून पाहिला आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जालन्यात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसे, म्हणून अंगणात विटांचा हौद बांधायचं ठरलं. तो उन्हाळ्याआधी तयार झाला नाही, तर पुन्हा टँकरमागे घागरी घेऊन पळायचं. तुमचा बाबा तेव्हा इंजिनिअरिंग शिकत होता. तो सुट्टीत सांगून गेला, की सिमेंटसाठी चुनखडी भाजावी लागते, तेव्हा कोळशाचा धूर होतोच, पण खुद्द चुनखडीतूनही वायू सुटतो. वीजकेंद्रातली कोळशाची राख मिसळलेलं सिमेंट घ्यावं, म्हणजे भाजणी तेवढी वाचते. आणि माप सोडू नये. मला ते पटलं. माप सोडणं मला कधीच जमलेलं नाही.

पहिला विरोध अक्कांचा. अक्का म्हणजे तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहीण. आमच्याकडेच राहायच्या.

"पिण्याच्या हौदाला राख लावतेस?"

मी म्हटलं, "अक्का, तुम्ही रोज राखेनं भांडी घासता."

"ती आपल्या चुलीची. ही कुणाच्या चुलीची, काय ठाऊक."

मिस्त्रींना राखेचं सोवळं नव्हतं, पण भरवसाही नव्हता. "बाई, हे जल्दी धरत न्हाई," ते म्हणाले. मी सांगितलं की उशिरा धरेल, पण चांगलं धरेल, फक्त पाणी जास्त दिवस मारायचं. गिलाव्यासाठी तीन घमेली वाळूला एक घमेलं सिमेंट, हे मी दोनदा सांगितलं आणि शाळेत गेले. तीच चूक झाली म्हणायची, तर शाळा काही अंगणात भरत नव्हती.

गिलावा झाला, ओली पोती टाकली, पाणी मारलं. मग टँकर बोलावून हौद भरला. सकाळी पाहते तर हौद निम्मा रिकामा आणि शेजारची पपई टवटवीत. आतून गिलाव्यावर केसासारख्या भेगांचं जाळं पसरलं होतं.

सगळ्यांनी राखेला दोष दिला. मी मिस्त्रींना नीट विचारलं, तेव्हा हळूहळू बाहेर आलं. राखेचं सिमेंट कमजोर, म्हणून त्यांनी स्वतःच्या मनानं थोडं वाढवलं होतं. आजोबांनी ऑफिसला जाताना त्यांना गेटापाशी गाठून, बाईंना सांगू नका म्हणून, थोडं वाढवायला लावलं होतं. आणि अक्कांनी दुपारचा चहा देताना तेच सांगितलं होतं. तिघांनाही घराची काळजी. गिलाव्यात सिमेंट फार झालं की तो वाळताना आकसतो आणि तडकतो. हे मी आधी सांगितलं नव्हतं, असं कुणी म्हणू नये.

सगळा गिलावा खरवडून काढावा लागला. म्हणजे जे सिमेंट वाचवायचं होतं, ते दुप्पट लागलं. भट्टीचा धूर वाचवायला निघालेल्या घरात ही गत, तर इतरांचं काय बोलायचं?

दुसऱ्या खेपेला मी रजा टाकली. सिमेंटची पोती कोठीत कुलूपबंद, किल्ली माझ्या कमरेला. मी घमेल्याशेजारी खुर्ची टाकून बसले. मिस्त्री कालवता कालवता म्हणाले, "बाई, आमच्यावर बिलकुल भरोसा न्हाई का?" मी म्हटलं, "तुमच्यावर आहे. घरातल्यांवर नाही." ते हसले आणि मापानं घालत राहिले. अक्कांनी त्या दिवशी चहा दिलाच नाही. मीच एकदा आत जाऊन केला.

हौद भरला आणि भरलेला राहिला. तो उन्हाळा घागरीविना गेला. शेजारची पपई मात्र सुकली.

त्यानंतर घरी कुणीही आलं की आजोबा त्याला हौद दाखवायला नेत. एकदा खिडकीतून मी ऐकलं, ते पाहुण्यांना हळूच सांगत होते, "ही चहा करायला आत गेली होती ना, तेव्हा मी एक घमेलं जास्तीचं टाकायला लावलं. म्हणून टिकला."

मी चहा करायला आत गेले, तेव्हाही किल्ली माझ्या कमरेलाच होती.