कोपऱ्याचं घर, नळापुढचं घर

लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा सुरुवातीला मला सासरचं घर ओळखूच यायचं नाही. गिरणी कामगारांसाठी सरकारनं बांधलेली बैठी घरं ती. एका ओळीत आठ दारं, आठही निळी, ओटे सारखे, मोऱ्या सारख्या, दारातून आत गेलं की उजव्या हाताला टोपी अडकवायची खुंटीसुद्धा प्रत्येक घरात त्याच जागी. मी बाजारातनं यायचे ती पिशवी खुशाल शेजारणीच्या घरात नेऊन ठेवायचे. लाजून लाजून जीव जायचा. तेव्हा माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायचे, पदर तोंडाला लावून हसायच्या. "अगं, तू तर नवी हायस. तुजा सासरा सोताच्या घरात जाऊन दुसऱ्याच्या हातचं जेवला हुता!"

ती गोष्ट मी पुढं इतक्यांदा ऐकली की आता मीच तिथं होते असं वाटतं.

झालं होतं असं. मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मिळालं होतं ओळीच्या टोकाचं, कोपऱ्याचं घर. त्याच्या बाजूला मोकळी जागा भरपूर, पण नळ दोन घरं पलीकडं. आत्याबाईंना तेव्हा आमच्या ह्यांच्या वेळचे दिवस गेलेले, पाय सुजलेले. तेवढ्यावरनंसुद्धा घागरी आणता आणता रडकुंडीला यायच्या. आणि नळाच्या अगदी पुढ्यात, तिसऱ्या घरात राहायच्या अक्का. तेलुगू विणकराच्या घरच्या, नवरा गिरणीत आणि ह्या घरी हातमाग चालवायच्या. त्यांचं दुखणं उलटं. विणायच्या आधी सूत लांबच्या लांब ताणून त्याला खळ द्यावी लागते, आणि त्यांनी ते नळापुढं पसरलं की पाण्याला आलेल्या बायका त्यावरनं घागरी घेऊन जायच्या. रोजची भांडणं.

मग एका पाडव्याला ह्या दोघींनी काय करावं? घरंच बदलली! पुरुष पाळीवर गेलेले. दोघींनी एकमेकींना हळदकुंकू लावलं, ओटी भरली, नारळ फोडला, आणि भोंगा व्हायच्या आत भांडीकुंडी, देव, अंथरुणं इकडची तिकडं. ऑफिसात सांगायचं असतं हे कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. नवऱ्यांना तरी कुठं सांगितलं होतं? पहिली पाळी सुटली. मामंजी सवयीनं कोपऱ्याच्या घरात शिरले, टोपी खुंटीला अडकवली, पाटावर बसले. वाढायला अक्का. आता पाटावर बसलेल्या माणसाला उठ कसं म्हणायचं? त्यांनी गुपचूप भात आणि चिंचेचं चारू, म्हणजे त्यांच्याकडचं पातळ सार, वाढलं. मामंजी खाली मान घालून जेवणारा माणूस. हात धुताना म्हणाले, "आज आमटी वेगळी केलीस. ब्येस झाली." आणि वर बघितलं तर काय!

तेव्हापासून नळापुढचं तिसरं घर आमचं आणि कोपऱ्याचं अक्कांचं. अक्कांनी तिथं जमिनीत खड्डा घेऊन माग बसवला. नवरा वारला, मुलगा पॉवरलूमवर लागला, तरी त्यांनी माग सोडला नाही. पहाटेच्या भोंग्यापाठोपाठ त्यांची खटखट सुरू व्हायची आणि त्या आवाजावर आमच्या ओळीतल्या चुली पेटायच्या.

मोठा दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली असतील, तेव्हा बातमी आली की सरकार ही घरं राहणाऱ्यांनाच विकणार. हप्त्याहप्त्यानं फेडा आणि मालक व्हा. सगळी ओळ नाचायचीच बाकी राहिली होती. भाड्याच्या घरात खिळा ठोकायचा तरी माणूस चारदा विचार करतो हो! पण मारुतीच्या पारावर नोटीस वाचून दाखवली तिच्यात पुढं होतं: ज्याच्या नावावर घर आहे तोच तिथं राहत असला पाहिजे. दुसरं कोणी सापडलं तर घर काढून घेणार.

आत्याबाईंनी वाचणाऱ्याला ते परत वाचायला लावलं. अक्का त्यांच्याकडं बघायला लागल्या. कागदावर कोपरा आमचा होता आणि नळापुढचं घर अक्कांचं.

खरं म्हणजे सरळ ऑफिसात जाऊन सांगायचं. पण आमच्या ओळीतल्या शहाण्यांनी ठरवलं की तपासणीच्या दिवसापुरतं ज्यानं त्यानं आपापल्या कागदावरच्या घरात राहायला जायचं. "येक दिवसाचा तर सवाल हाय की!" आत्याबाई म्हणाल्या. "पाडव्याला केलं तसं उलटं करायचं."

केलं. मामंजींची सुट्टी होती, ते टोपी घालून कोपऱ्याच्या ओट्यावर बसून राहिले. आम्ही देव, डबे, स्टो, सगळं नेलं. अक्कांचं सामान तिसऱ्या घरात आलं. फक्त एक गोष्ट कुणाला सुचली नव्हती. जमिनीत गाडलेला माग कसा हलवणार? तो राहिला तिथंच, अर्ध्या विणलेल्या लाल पातळासकट.

तपासणीचे साहेब आले. टेप घेऊन खोल्या मोजल्या, मामंजींची सही घेतली आणि मागापाशी थांबले.

"हा कुणाचा?"

"माजाच की," आत्याबाई ठसक्यात म्हणाल्या. "मंग कुणाचा?"

"तुम्ही विणता?"

"व्हय तर!"

"बघू बरं."

साहेबांच्या मनात काही वाकडं नव्हतं. उन्हातनं आला होता माणूस, जरा गंमत बघावी म्हणाला असेल. पण आत्याबाईंनी उभ्या जन्मात धोट्याला हात लावलेला नव्हता. त्या खड्ड्यात उतरल्या, लुगडं सावरलं, देवाचं नाव घेतलं आणि पाय असा हाणला की फटाफट धागे तुटले. मी डोळेच मिटून घेतले.

तेवढ्यात तिकडून अक्का धावत आल्या. तीन नंबरच्या घरात गप्प बसायचं असं त्यांना बजावून ठेवलं होतं. पण आपल्या मागाचे धागे तुटल्यावर कोण बसेल? "अय्यो! पोयिंदी, पोयिंदी!" म्हणजे गेलं, गेलं, असं ओरडत आल्या, आत्याबाईंना दंडाला धरून बाहेर काढलं आणि साहेबांकडं न बघता धागे सांधायला बसल्या. "वहिनी, तू भाकरीच थाप," एवढं मराठीत बोलल्या.

आता काय राहिलं लपवायचं? मामंजींनी दोन वाक्यांत खरं ते सांगितलं. साहेब हसले नाहीत की रागावले नाहीत. मी दिलेला चहा प्यायले. म्हणाले, "मी आलो तेव्हा ज्याची चूल त्याच्या घरात होती. मी तेवढंच बघितलं. पण नीट ऐका, आजी. घर ज्याच्या नावावर होणार, मालक तोच. पुढं भांडण झालं तर तुमच्या नारळाला कुणी विचारणार नाही." आणि जाता जाता बजावलं, "उद्या सकाळी मोठे साहेब फेरी मारतील. तोवर सामान हलवू नका."

म्हणून ती रात्र आम्ही कोपऱ्यातच काढली. आणि तिथंच घोळ झाला.

संध्याकाळच्या एसटीनं माझे थोरले दीर टेंभुर्णीहून आले. तिथं हायवेला त्यांचं पानाचं दुकान होतं, जेमतेम चालायचं. त्यांनी बाजूची मोकळी जागा पावलांनी मोजली, रस्त्याकडं बघितलं आणि आत येऊन म्हणाले, "आई, आता परत कशाला जायचं? नाव आबांचं, सामान हितंच. ह्या जागेत झकास दुकान निघतंय. मी बायकापोरं घेऊन हिकडंच येतो."

मला वाटलं आत्याबाई उसळतील. पण त्या चुलीतली लाकडं सारत राहिल्या. का, ते मला समजत होतं. थोरल्याकडची नातवंडं टेंभुर्णीला, वर्षातनं दोनदा दिसायची. दिवाळीला ती परत गेली की ही बाई दोन दिवस धड जेवायची नाही. लेकानं नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं.

"अक्काला सबुद दिलाय रं," शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, तेही चुलीकडं बघून.

"शब्दावर घर मिळतंय व्हय? त्यांना नळापुढचं घर हायच की. कुठं उघड्यावर टाकतोय आपण?"

"आणि माग?"

"पॉवरलूमच्या जमान्यात माग!"

मामंजी उठून ओट्यावर जाऊन बसले. आमचे हे थोरल्या भावापुढं कधीच बोलायचे नाहीत. मीही पदर घेऊन उभी. मला खोटं बोलता येत नाही, कोपऱ्याचं घर मलाही आवडलं होतं. वारं किती छान यायचं! पण पहाटे भोंगा झाला, मामंजी डबा न घेताच पाळीवर गेले, आणि ओळीत खटखट ऐकू आली नाही. अंगणातनं बघितलं तर अक्का नळापुढच्या ओट्यावर हात मांडीवर ठेवून बसलेल्या. एवढ्या वर्षांत मी त्या बाईचे हात रिकामे बघितलेच नव्हते.

मोठ्या साहेबांची जीप आली आणि न थांबता निघूनही गेली. आता सामान परत न्यायचं. अक्का काही मागायला आल्या नाहीत. आत्याबाई काही हलल्या नाहीत. दीर तर दोरी घेऊन दुकानाची जागा आखायला बसले.

माझं डोकं फिरलं. थोरल्या दिरांना उलटून बोलायची सोय नव्हती. लेकी बोले सुने लागे म्हणतात, मला लेक नव्हती, मी तव्याला धरलं. "का रे बाबा तव्या," मी मोठ्यांदा म्हटलं, "दुष्काळात रेशनच्या रांगेत आमच्यासाठी कोण उभं राहिलं होतं? टेंभुर्णीचं होतं का कोण? माझी पहिली वेळ अडली तेव्हा टांगा कुणी आणला? नारळ खाल्ला तो पचला वाटतं सगळ्यांना!" आणि तवा आपटला. बाहेर दोरी थांबली. आत्याबाई उठून माझ्यापुढं आल्या. मला वाटलं आता थोबाडीत बसते. त्या डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "मला का बोलतीस गं? नाव त्येंचं हाय. त्येंनाच इचार."

म्हणजे सगळं येऊन थांबलं मामंजींवर. आणि मामंजी म्हणजे, त्यांच्या तोंडून शब्द काढायचा तर पक्कड लागायची.

दुपारी भोंगा झाला. दीर कोपऱ्याच्या दारात उभे राहिले. अख्खी ओळ आपापल्या ओट्यावर, कुणी तांदूळ निवडतंय, कुणी उगीच झाडतंय. मामंजी वळणावर दिसले. गिरणीतनं आमच्या ओळीत येताना आधी कोपरा लागतो, मग पुढची घरं. अंगावर कापसाचे तंतू, काखेत छत्री. ते कोपऱ्यापाशी आले.

"आबा, या," दीर म्हणाले. "पाणी ठेवलंय पाय धुवायला."

मामंजींनी लेकाकडं बघितलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग तसेच पुढं गेले. कोपरा गेला, दुसरं घर गेलं. तिसऱ्या घरापाशी त्यांनी नळावर पाय धुतले, आत शिरले, टोपी उजव्या हाताच्या खुंटीला अडकवली आणि पाटावर बसले.

आत अक्का होत्या. भांबावून उभ्या राहिल्या.

"अक्का," मामंजी म्हणाले, आणि ते आख्ख्या ओळीला ऐकू गेलं, "त्या दिवशी केलं हुतं तसलं चारू हाय का? आसंल तर आमच्या घरात येवढं जेवू घाला, आन मंग तुमच्या घरला जावा."

अक्कांनी वाढलं. वाढताना रडत होत्या, हे त्यांनीच मला पुढं सांगितलं. माझ्या आधी आत्याबाई उठल्या. देव्हाऱ्यातले देव ओटीत घेतले आणि तरातरा निघाल्या. लेकाला ओलांडून जाताना म्हणाल्या, "पोरांना सुट्टीला धाडत जा रं. दुकान काय हितं निघायचं न्हाय." दीर खाली बघून दोरी गुंडाळत राहिले. मग त्यांनीच पिठाचा डबा उचलला आणि माझ्यामागनं आले. माणूस वाईट नव्हता हो. दुकान चालत नव्हतं त्याचं.

पुढं कागद झाले ते कोपरा मामंजींच्या नावावर आणि नळापुढचं घर अक्कांच्या. कागद हातात आले त्याच दिवशी आत्याबाईंनी आमचा कागद नेऊन अक्कांच्या देव्हाऱ्यात ठेवला आणि अक्कांचा आमच्या देव्हाऱ्यात आणला. वकिलानं ऐकलं असतं तर कपाळावर हात मारून घेतला असता. मारू दे.

पण त्या दुपारचं सांगते. सामान लावता लावता ऊन कललं. मामंजी जेवून तिथंच आडवे झाले होते, मी त्यांच्या उशाशी डबे रचत होते. तेवढ्यात कोपऱ्यातनं एक ठोका आला. मग थांबलं, तुटलेले धागे सांधत असतील. मग पुन्हा एक, आणि मग खटखट सुरू झाली. मामंजी डोळे न उघडता म्हणाले, "हां. आता झोप लागंल."