डाव्या पायाचं काम

नेव्हिल होल्रॉइडला नवी गाडी घ्यायची होती आणि ती गिअरचीच घ्यायची होती. त्यात चर्चेला जागाच नव्हती. चर्चा मात्र फेब्रुवारीपासून रोज चालली होती, सकाळच्या चहाला सुरू व्हायची ती रात्री भांडी विसळेपर्यंत. जुनी गाडीही गिअरचीच, अठरा वर्षांची झालेली. वार्षिक तपासणीत कशीबशी पास झाली, तेव्हा तपासणाऱ्यानं पुढच्या वर्षी हिला इकडे आणू नका म्हणून तोंडावर सांगितलं. आणि कॅरव्हॅन ओढायची तर गाडी दमाचीच लागते. दोन पलंग, शेगडी, संडास, ग्लेंडाच्या कुंड्या असं सगळं मिळून तेराशे किलोचं ते चाकांवरचं घर दर मे महिन्यात कीथलीहून व्हिटबीच्या किनाऱ्यावर जायचं. अडतीस वर्षांत एक वर्ष चुकलं होतं, ते विल्फच्या आजारपणात. विल्फ म्हणजे नेव्हिलचा बाप.

गावाबाहेरच्या विक्रेत्यानं दोन गाड्या त्यांच्यासाठी राखून ठेवल्या होत्या. रंग तोच, इंजिन तेच. एक गिअरची आणि एक ऑटोमॅटिक. मे संपेपर्यंत काय ते सांगा, म्हणाला बिचारा. त्याला काय माहीत कोणत्या घरात हात घातलाय.

ग्लेंडाला ऑटोमॅटिक हवी होती. कारण सरळ होतं. गिअरच्या गाडीवर ती तीनदा नापास झाली होती, आणि एक्केचाळिसाव्या वर्षी शेवटी ऑटोमॅटिकवर परीक्षा देऊन पास झाली. तशा परवान्यावर गिअरची गाडी चालवायला कायद्यानं मनाई. नेव्हिल त्याला ‘अर्धं लायसन’ म्हणायचा, पाहुण्यांसमोरसुद्धा, आणि पाहुणे हसायचे. शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांना रोज जेवू घालणारी बाई, पण कॅरव्हॅन जोडली की नवऱ्याशेजारी नकाशा धरून बसायचं, एवढाच तिचा मान.

“ती गाडी नव्हे, लिफ्ट आहे,” नेव्हिल म्हणायचा. “बटण दाबायचं आणि वर जायचं. त्यात चालवणं कुठे आलं?”

तीस वर्षं दगडखाणीचा ट्रक चालवलेला माणूस तो. त्याच्यापाशी मुद्द्यांना तोटा नव्हता. उतारावर खालचा गिअर टाकला की इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ते सुख ऑटोमॅटिकमध्ये नाही. ओझं ओढताना तिच्या गिअरबॉक्समधलं तेल तापतं. बिघडली तर दुरुस्तीत घर विकावं लागेल. ग्लेंडानंही कॅरव्हॅनच्या तळावर चार लोकांना विचारून ठेवलं होतं, तीही काही कमी नव्हती. आता गाडी आपणहून खालचा गिअर धरते, चढावर थांबून निघायचं तर क्लच जळायचा प्रश्नच नाही, आणि म्हातारपणी गुडघ्याला आराम. ‘गुडघा’ हा शब्द निघाला की मात्र नेव्हिल उठून बागेत जायचा.

कारण खरी गोष्ट गुडघ्याची नव्हतीच, आणि ते दोघांनाही आपापल्या मनात ठाऊक होतं. नाताळच्या आसपास ग्लेंडा त्याचे बूट पुसत होती, तर डाव्या बुटाचं टोक झिजून पांढरं झालेलं आणि उजवा जसाच्या तसा. मग तिचं लक्षच लागलं. फुटपाथला पाय अडकणं. जिना चढताना डाव्या पायाचा वेगळा आवाज. एकदा घरातली सपात पायातून निसटली आणि नेव्हिल चार पावलं तसाच चालत गेला, त्याला कळलंच नाही.

विल्फचं असंच सुरू झालं होतं. आधी सपात निसटायला लागली. वय सदुसष्ट. पाय गेला, मग हात, मग गिळणं. शेवटचे चार महिने ग्लेंडानंच त्याला चमच्यानं भरवलं, आणि अखेरीला म्हाताऱ्याचे फक्त डोळे हलायचे. त्या डोळ्यांत काय होतं ते ती अजून कुणाला बोलली नाही. हा आजार काही घरांत बापाकडून मुलाकडे येतो, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. नेव्हिलला आता सहासष्ट पूर्ण झाली होती.

डॉक्टरकडे चल म्हणायची तिची छाती होत नव्हती. म्हटलं आणि तो गेला आणि डॉक्टरनं नाव घेतलं, तर? मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते खोटं नाही. म्हणून ती बापडी गाडीबद्दल भांडायची. ऑटोमॅटिकला डावा पाय लागत नाही. उद्या रस्त्यात काही झालंच, तर आपलं अर्धं लायसन तरी कामी येईल. एवढंच तिला हवं होतं, आणि एवढंच तिला बोलता येत नव्हतं.

मे उजाडला. गाडीचा निकाल लागेना, तेव्हा नेव्हिल म्हणाला जुनीच घेऊन जाऊ, शेवटची खेप. ग्लेंडानं सँडविचं बांधली, चहाचा थर्मास भरला आणि जीव मुठीत धरून शेजारी बसली. सपाट रस्त्यावर सगळं ठीक होतं. पण तिचं लक्ष बाहेर नव्हतंच, ते त्याच्या डाव्या बुटावर होतं. क्लच आत, क्लच बाहेर. प्रत्येक वेळी पाय उचलला गेला की ती श्वास सोडायची.

किनाऱ्याच्या अलीकडे पठारावर चढायला एक सरळसोट चढ आहे. रस्ता अरुंद, दोन्ही अंगांना दगडी कुंपण. तिथे कॅरव्हॅनवाले एकच प्रार्थना करतात की पुढे कुणी थांबू नये. अर्ध्या चढावर पुढचा ट्रॅक्टर थांबला. त्याच्यापुढे मेंढ्या रस्ता ओलांडत होत्या.

नेव्हिलनं उजव्या पायानं ब्रेक दाबला. क्लच दाबला गेला नाही. गाडीनं गचका खाल्ला आणि इंजिन बंद पडलं. त्यानं हँडब्रेक ओढला, ब्रेकवरचा पाय तसाच दाबून धरला, आणि तरी मागचं ओझं गाडीला इंच इंच खाली खेचतंय हे ग्लेंडाला पाठीत जाणवलं. तिनं बाजूच्या आरशात बघितलं. मागे एक लहानशी निळी गाडी अगदी चिकटून उभी होती. चालवणारी बाई तरुण होती आणि मागच्या सीटवर दोन पोरं बसलेली.

इंजिन सुरू करायचं तर क्लच दाबायला हवा. नेव्हिलनं दाबायचा प्रयत्न केला. पाय पेडलवरून घसरून बाजूला पडला. त्यानं परत उचलला, परत पडला. त्यानं डाव्या हातानं स्वतःची मांडी धरून पाय उचलला, पेडलवर नेऊन ठेवला, आणि तळहातानं गुडघा खाली रेटून धरला, सगळा भार देऊन. पाय त्याचा नव्हताच जणू.

आता गिअर टाकायला आणि हँडब्रेक सोडायला त्याच्याकडे हात उरला नव्हता.

“ग्लेंडा,” तो म्हणाला. आवाज अगदी शांत होता, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. “दांडा डावीकडे घे आणि वर ढकल. पहिला. जोर लाव.”

“मला येत नाही.”

“येतं. ढकल.”

तिनं ढकलला. कुठेतरी खटकन बसला. त्यानं उजव्या हातानं किल्ली फिरवली, इंजिन लागलं. आता हँडब्रेक दोन्ही हातांनी धर, मी म्हणेन तेव्हा सोड, आधी नाही, नंतर नाही, असं त्यानं सांगितलं. तिनं धरला. त्यानं उजवा पाय ब्रेकवरून उचलून रेसवर ठेवला, आणि त्या क्षणी सगळं घर, गाडी, ती दोघं, खालची ती दोन पोरं, सगळं तिच्या मनगटांवर आलं. इंजिन ओरडायला लागलं. नेव्हिल गुडघ्यावरचा हात जरा जरा सैल करत होता. क्लच जळाल्याचा कडू वास गाडीभर पसरला.

“सोड.”

तिनं सोडला. गाडी थरथरली, एक वीत मागे गेली, मागून हॉर्नचा लांबलचक आवाज आला, आणि मग ती पुढे सरकली. पहिल्या गिअरवरच, माणसाच्या चालीनं, ते वर गेले. वरच्या मोकळ्या जागेत नेव्हिलनं गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. निळी गाडी पुढे निघून गेली. त्या बाईनं जाताना शिवी दिल्यासारखं बोट दाखवलं, आणि दाखवायलाच हवं होतं.

मग ग्लेंडाचा बांध फुटला. तू माणूस आहेस का, ती म्हणाली. त्या गाडीत पोरं होती. तुझ्या गिअरच्या हट्टापायी आज दोन पोरं गेली असती. मी काय भीक मागत होते तुझ्याकडे, एक ऑटोमॅटिक गाडी?

नेव्हिलनं ऐकून घेतलं. मांडीवरचा हात त्यानं अजून काढला नव्हता.

“मी रोज मोजायचो,” तो म्हणाला. “बाजारात जाऊन येईपर्यंत क्लच किती वेळा दाबला ते. बाबांना सुरुवातीलाच दाबता येईनासा झाला होता, आठवतं? पहिलं तेच गेलं. मला म्हणजे वाटायचं, जोवर मी दाबतोय तोवर मला ते नाही. तुझ्या त्या गाडीत बसलो असतो तर मला कळलंच नसतं ग. मग मी रोज उठून कशावरून समजलो असतो, की अजून नाही म्हणून?”

“कधीपासून?”

“ऑक्टोबर.”

म्हणजे तिच्याही आधीपासून. ती एकटीच घाबरतेय असं तिला वाटत होतं, आणि त्याच पलंगावर तोही एकटाच घाबरत पडलेला असायचा. तिनं त्याचा तो पाय हातानं उचलून क्लचपासून बाजूला घेतला. किती जड होता. तिच्या अर्ध्या लायसनवर ती गाडी तिला चालवता येत नव्हती आणि त्याला त्या पायानं, म्हणून टो करणाऱ्या ट्रकला बोलावलं, आणि ट्रक येईपर्यंत दोघांनी सँडविचं न खाता नुसती हातात धरली. गुरुवारी डॉक्टर बघतो म्हणाला. ते तिनं तिथेच फोन करून ठरवलं, नेव्हिलसमोर, आणि तो नको म्हणाला नाही.

सोमवारी सकाळी नेव्हिल कोट घालून दारात उभा. गाडीचं उरकून टाकू, म्हणाला. त्यांची मुलगी आपल्या गाडीतून त्यांना तिथे सोडून गेली. विक्रेत्यानं दोन्ही गाड्या पुसून शेजारी शेजारी लावल्या होत्या. नेव्हिलनं गिअरच्या गाडीकडे मान वळवूनही बघितलं नाही.

“ऑटोमॅटिक,” तो म्हणाला. “हिच्या नावावर कर.”

विक्रेता खूश. बाईसाहेब, जिंकलात शेवटी, म्हणाला तो, आणि त्याचं काय चुकलं? चार महिने त्यानं दोघांची भांडणं ऐकली होती. पण काय जिंकलं होतं ग्लेंडानं? ही गाडी घेतली म्हणजे झालं ते खरं, आता माघार नाही. डॉक्टर गुरुवारी सांगणार ते हा माणूस आज सोमवारीच सही करून सांगत होता.

तिनं त्याची बाही धरली.

“नेव्ह, आपण गिअरचीच घेऊ,” ती म्हणाली. “तू म्हणतोस ते बरोबर आहे. ते तेल तापतं. उताराला धरवत नाही. दुरुस्ती केवढी महाग. गिअरचीच घे रे, तुला सवय आहे.”

विक्रेता या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत राहिला.

“आणि क्लच कुणाच्या पायानं दाबायचा?” नेव्हिलनं विचारलं. चिडून नाही, हळूच विचारलं.

तो ऑटोमॅटिक गाडीच्या पुढून, बॉनेटला हात टेकत टेकत, पलीकडे गेला आणि शेजारच्या सीटवर बसला. दार लावून घेतलं, पट्टा बांधला. मग काच खाली करून म्हणाला, बस, सीट पुढे ओढ, नाहीतर तुझे पाय पोचायचे नाहीत. ग्लेंडा बसली. सीट पुढे ओढली. उजवा पाय तिनं ब्रेकवर ठेवला. डाव्या पायाला तिथे काही कामच नव्हतं. तो कुठे ठेवावा ते तिला कळेना.