नणंद आली आणि रडली नाही

त्या दिवसांत मी बूड टेकून बसलेच नाही, हे आधी सांगते. निवडलेली तूर पुन्हा निवडायची, झाडलेलं अंगण पुन्हा झाडायचं, गोठ्यात जायचं आणि कशाला आलो ते विसरून परत फिरायचं. यांच्या आतड्यात कॅन्सर निघाला होता. यवतमाळला ऑपरेशन झालं, मग सलाईनमधून औषधाचे सहा डोस ठरले. दोन झाले. तिसऱ्याच्या आठ दिवस आधी हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मी नाही येत आता. झालं तेवढं पुरे."

का, ते सांगेनात. उलट्या, हातापायाला मुंग्या, हे सगळं आधीही होतंच. मी समजावलं, रागावले, लेकाला फोनवर बोलायला लावलं. यांचं एकच, "काही नाही झालं मले."

शेवटी मी म्हटलं, "डोस नका घेऊ, रक्त तर तपासू," आणि बसमध्ये बसवलं.

दवाखान्यात एका खोलीत एक मॅडम बसायच्या. सगळे त्यांना 'बोलायच्या मॅडम' म्हणत, पण त्या स्वतः थोडंच बोलायच्या, समोरच्यालाच बोलतं करायच्या. वयानं माझ्या धाकट्या लेकीएवढ्या. त्यांनी दोन कागद काढले, एक यांना, एक मला.

"मले कायले?" मी म्हटलं. "बिमार ते आहेत."

"एक आजारी पडला की दोघांचं पाहावं लागतं, काकू."

कागदावर ताप मोजायच्या नळीचं चित्र होतं. खाली शून्य, वर दहा. गेल्या आठवड्यात जिवाला किती त्रास झाला, तिथं खूण करायची. खाली प्रश्न होते. झोप लागते का, जेवण जातं का, एका जागी बसवतं का. मी शाळेत गेले नाही. लेकरांच्या पुस्तकांवरून अक्षरं जुळवायला शिकले, म्हणून सावकाश वाचते. 'एका जागी बसवतं का' इथपर्यंत आले तेव्हा मी खिडकीपाशी उभी, खुर्ची रिकामी! तरी खूण केली दोनवर. आपलं रडगाणं कुणी कशाला मोजावं?

यांनी केली नऊवर.

"काकूंसमोर बोलू का?" मॅडमनी यांना आधी विचारून घेतलं. यांनी मान हलवली. टोपी हातात फिरवत म्हणाले, "माझी बहीण आलती. रडली नाही."

मॅडमना काही कळेना. कसं कळणार? आम्ही तांड्यावरचे. वाडवडील बैलांवर माल लादून मुलूखभर फिरायचे, आता आमची शेती. आमच्यात बाया खूप दिवसांनी भेटल्या की गळ्यात पडून रडतात, आणि तेही सुरात. कोण गेलं, कोण आजारी, कुणाचं लग्न जमलं, मधलं सगळं त्या सुरातच सांगायचं. सुख असो की दुःख. भावाच्या दारात बहीण रडली नाही तर ती आली असं कोणी धरत नाही.

आणि मीच तिला फोन केला होता! उमरखेडकडच्या तांड्यात दिली आहे तिला. "बाई, ये, पण रडू नको. त्याईच्या जिवाले लागीन." शहरातले लोक म्हणतात ना, आजाऱ्यासमोर हसतमुख राहावं. बिचारी आली, पदर तोंडाला लावून बाजेवर बसली, पाऊसपाण्याचं बोलली, चहा प्यायली, दुपारच्या बसनं गेली.

"सख्खी बहीण पाहुण्यावाणी बसून गेली," हे म्हणाले. "म्हणजे डॉक्टरनं सगळ्याइले सांगितलं असन. माझं संपलं, मलेच तेवढं माहीत नाही. मंग सुया कायले टोचून घ्याच्या?"

मी पिशवीचे बंद गुंडाळत होते, सोडत होते. "मीच सांगितलं तिले, रडू नको म्हणून."

"तू? काहून?"

"तुमच्यासाठी."

"आन् तू सोता गोठ्यात जाऊन रडतं, ते कोणासाठी? म्हैस पान्हा चोरून राह्यली तुह्या पायी!"

मॅडमना हसू आवरेना. मग त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर सरळ बोलले. गाठ काढली आहे, कुठे काही उरलं असेल म्हणून हे डोस. पुढची खात्री कुणी देऊ शकत नाही, पण संपलं असं कुणीच म्हटलेलं नाही, कुणाला नाही.

मॅडमनी माझा कागद पुढे सरकवला. "काकू, हे दोन खरं का?" मी खोडून आठ केलं.

"बाईले बोलाव," हे उठता उठता म्हणाले. "मंग पाहू डोसचं."

बसस्टँडवरूनच फोन लावला. नणंद उखडली. "आता रडू का नको रडू, एकदाच सांग भोजाई!"

दुसऱ्या दिवशी आली. अंगणातच पिशवी टाकली आणि माझ्या गळ्यात पडून सूर लावला, "मार भिया, मार भिया..." माझ्या भावा रे! आणि मग माझ्याच चहाड्या. भोजाईनं माझं तोंड शिवलं, मला मुक्यानं परत धाडलं, असं साऱ्या तांड्याला ऐकवलं. मीही सोडलं नाही. ऑपरेशन, बसचे धक्के, यांच्या उलट्या, गोठा, सगळं सुरात घातलं. कधी ओट्यावर बसले ते कळलंच नाही.

हे काठी टेकत दारात आले. ती उठून त्यांच्या गळ्यात पडली. यांचेही डोळे वाहत होते. "हळू वं बाई, टाके तुटतीन!"

मग माझ्याकडे पाहून विचारलं, "सोमवारची बस किती वाजता आहे?"

तिसऱ्या डोसला मॅडमनी पुन्हा कागद दिले. यांनी सहावर खूण केली, मी सातवर.

"तुह्यं जास्त काहून?"

"अजून तीन डोस बाकी आहेत," मी म्हटलं, आणि सलाईन किती उरली ते पाहायला उठले.