दोन कार्ट्रिज आणि एक खोकला

तुमच्या आजोबांना खोटं बोलता येत नाही. घरातलं ते काम पहिल्यापासून माझ्याकडे आहे. पण एकच गोष्ट चाळीस वर्षं सांगत राहण्याची त्यांची ताकद दांडगी. तुम्हीही ती ऐकली आहे: लग्नाआधी ते मुंबईत एका तबकडीसाठी कोरसमध्ये गायले, दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी त्यांना खोकला आला, आणि तो तसाच तबकडीत उतरला. कव्हरवर त्यांचं नाव नाही, कारण कोरसची नावं कोणी छापत नसे. वीस गळ्यांत आपला कुठला, हे तरी कोण दाखवणार? म्हणजे ते तिथे होते याचा पुरावा एकच, तो खोकला. आणि तो त्यांच्याशिवाय आजवर कोणालाही ऐकू आलेला नव्हता.

दोष आमच्या कानांचा नव्हता. कार्ट्रिज म्हणजे टर्नटेबलच्या दांडीच्या टोकाला बसणारी, सुई धरणारी डबी, काडेपेटीहून लहान. आमची कार्ट्रिज तुमच्या बाबांच्या वयाची होती. तिच्यातून गाणं यायचं ते कढईत कांदाभजी सोडल्यासारखं. त्यात घर हायवेपासून हाकेच्या अंतरावर. डंपर गेला की सुई उडी मारायची, म्हणून आजोबा दांडीच्या टोकावर चार आण्याचं नाणं ठेवायचे. पुढे सरकारने चार आणे बंद केले, पण आमच्या दांडीवरून ते हलले नाहीत.

त्याच्या पुढच्याच वर्षी तुमच्या बाबांनी नवी कार्ट्रिज पाठवली. सोबतचं इंग्रजी पत्रक मी दोनदा वाचलं आणि महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारल्या. आजोबांनी ते हातातही घेतलं नाही.

"जुनीला कधी पत्रक लागलं नाही," ते म्हणाले.

"म्हणूनच ती अशी वाजते," मी म्हटलं.

रविवारी सकाळी मी परीक्षा घेतली. वहीत दोन रकाने आखले, जुनी आणि नवी. खाली गळा, तबला, खरखर, खोकला. प्रत्येकाला दहा गुण. आधी जुनी वाजवली. गळ्याला सहा दिले, कारण तिच्या आवाजाला एक ऊबदार जाडी होती, हे कबूल करायला हवं. खरखरीला दहापैकी दहा. ठरलेल्या जागी आजोबांचं बोट वर गेलं.

"हा! ऐकलास?"

"मला भजी ऐकू आली."

मग मी भुवयांच्या चिमट्याने चार नाजूक वायरी काढून नव्या कार्ट्रिजला लावल्या. आजोबांनी सुई टेकवली. गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाजलं.

आजोबा खूश झाले. "बघ, परदेशी माल. घसा बसलाय तिचा."

मला पत्रकातली रेघ मारलेली ओळ आठवली, दोन ग्रॅमहून जास्त भार नको. वाकून पाहिलं तर डबीचं पोट तबकडीला टेकायला आलेलं, आणि डोक्यावर चार आणे.

"अहो, नाणं!"

"ते असतंच."

"त्याच्याखाली गुदमरलीये ती!"

नाणं काढून मी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. एव्हाना करंजा बंदरावरून येणारी आमची मासळीवाली दारात बसून पापलेटं साफ करत होती. या वेळी गाणारा जणू आमच्या सोफ्यावर येऊन बसला. तबल्यावरची बोटं वेगवेगळी कळत होती. दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी आजोबांनी बोट वर केलं, आणि खोकला आला. स्वच्छ, बारीक. त्याच्यामागून बांगड्या किणकिणल्या.

मासळीवालीचा कोयता थांबला. "आजी, ह्यान कोन बाई खोकली गो? आल्याचा रस नाय दिला तिला कोनी?"

आजोबांचं बोट तसंच वर राहिलं.

"तेव्हा माझा आवाज कोवळा होता," ते म्हणाले.

"सव्विसाव्या वर्षी? बांगड्यांसकट?"

मासळीवाली इतकी हसली की एक पापलेट पायरीवरून खाली गेलं. मीही हसले. आजोबा हसले नाहीत. त्यांनी तबकडी पुसून कव्हरमध्ये घातली, आणि जेवताना पापलेटाबद्दल एक अक्षर काढलं नाही. या घरात असं कधी झालेलं नाही.

चहाच्या वेळी ते हळूच म्हणाले, "मी होतो गं तिथे."

ते होतेच. खोटं त्यांना येत नाही, हे मी वर लिहिलंच आहे. बहुधा त्यांचा खोकला त्या बाईच्या खोकल्याखाली दबला असेल, किंवा कोणी तरी कापून टाकला असेल. मी चिमटा आणला, जुनी कार्ट्रिज परत बसवली, वर नाणं ठेवलं. भजी तळायला लागली. आजोबांचं बोट वर गेलं, रोजच्याइतकं उंच नाही.

"ऐकला," मी म्हटलं.

"खरंच?"

"अगदी पुरुषी."

वहीत जुनीच्या खोकल्याला मी दहा गुण दिले आणि ते पान त्यांच्यासमोर उघडं ठेवलं.

आता दोन्ही कार्ट्रिजची खोकी कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यात असतात. एका खोक्यावर 'गाण्यासाठी' असं लिहिलं आहे, दुसऱ्यावर 'आजोबांसाठी'. सुट्टीत याल तेव्हा कुठली लावली आहे ते आधी बघा. नाणं दिसलं तर बोट वर जाईपर्यंत थांबा, आणि सगळ्यांनी एकदम म्हणा, ऐकला.