सुरीताईच्या पाच सुऱ्या

इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात तिला सगळे सुरीताई म्हणत. हे नाव मुख्य आचाऱ्याने गमतीत ठेवलं आणि ते चिकटलं ते कायमचं. साडेतीनशे रुग्णांची भाजी चिरणं हे तिचं काम. सत्तावीस वर्षं तिने ते केलं. बाकीच्या बायका इस्पितळाच्या सुऱ्या वापरायच्या. त्या सुऱ्यांनी लोणी कापायचं तरी दोनदा जोर लावावा लागे. ही मात्र जाड कापडात गुंडाळून घरची सुरी घेऊन यायची आणि जाताना घेऊन जायची. कुणी मागितली तर सरळ सांगायची, "दात घासायचा ब्रश देता का तुम्ही कुणाला?"

तिचं एक ठरलेलं मत होतं. माणसाला उभ्या जन्मात पाच सुऱ्या लागतात. सहावी घेतली तर ती मिरवायला, आणि चारांत भागवलं तर ते नुसतं भागवणं. एक मोठी, रोजच्या चिरण्याची. एक बोटाएवढी, सालं काढायला. ही मुठीत नव्हे, बोटांत धरायची. एक दातेरी, पावाला आणि पिकल्या टोमॅटोला. एक पातळ, लवचीक, हाडावरून मांस सोडवायला. आणि पाचवी जड, रुंद पात्याची, भोपळ्यासारख्या आडदांड मालासाठी. ही पाचवी मिळायला तिला अकरा वर्षं लागली. दुकानात जायची, मुठीपाशी सुरी एका बोटावर तोलून बघायची आणि मान हलवून परत ठेवायची. दुकानदार एकदा वैतागून म्हणाला, "ताई, सुरी घ्यायचीय की जावई बघायचाय?"

"जावई वाईट निघाला तर हाकलता तरी येतो," ती म्हणाली.

तिला जावई नव्हता, नवराही नव्हता. घरात ती आणि तिची धाकटी बहीण. धाकटी शाळेत कारकून होती. दोन खोल्या, एक गॅलरी, आणि ओट्यामागच्या भिंतीवर लोहचुंबकाच्या पट्टीला चिकटलेल्या पाच सुऱ्या. दर रविवारी सकाळी सुरीताई धारेचा दगड पाण्यात भिजत घालायची आणि तासभर एकेक सुरी त्यावर फिरवत बसायची. धार बघायला धाकटीने शाळेतून आणलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका असत. कागद हवेत धरायचा, सुरी वरून टेकवायची. आवाज न करता कागद दुभंगला म्हणजे पास.

"दोन माणसं आणि पाच सुऱ्या! आपण काय खानावळ काढलीय का ताई?" धाकटी नाक मुरडायची. स्वतः ती केळंसुद्धा बोथट टेबलसुरीने कापायची. ताईच्या सुऱ्यांना तिने कधी हात लावला नाही. भीती वाटते म्हणायची.

मग धाकटीची मूत्रपिंडं बिघडली. त्याच इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळची खाट मिळाली. सात आठवडे तिचं बिनमिठाचं सूप सुरीताईच करायची. धाकटीला चावणं जड जाई, म्हणून गाजर तांदळाच्या दाण्याएवढं बारीक चिरायची. ताट परत आलं की झाकण उघडून आधी बघायची, किती गेलंय पोटात.

एका मंगळवारी अकराच्या सुमाराला वॉर्डातली आया खाली आली. दारातच उभी राहिली.

"ताई, वर चला."

"येते. एवढी गाजरं होऊ देत."

"ताई..." आया थांबली. "आता घाई करून काही उपयोग नाही हो."

सुरीताईला कळलं. पुढ्यात अर्धा क्रेट गाजरं होती. ती तिने चिरली. कुणी तिला थांबवलं नाही, थांबवायचं धाडस झालं नाही. आचारी पुढे कित्येकांना सांगायचा, की त्या गाजरांत एक चकती जाड नव्हती की एक पातळ नव्हती. मग तिने सुरी धुतली, पुसली, कापडात गुंडाळली आणि जिना चढून वर गेली.

चौथ्या दिवशी ती कामावर हजर झाली. बायका कुजबुजल्या, "डोळ्यांत टिपूस नाही बघ. काळीज आहे की दगड?" तिने ऐकलं. तिलाही ते खरंच वाटलं. आत चाचपून बघावं तर हाताला काही लागत नव्हतं. गोणभर कांदा चिरूनही तिचे डोळे कोरडेच राहायचे. धार चांगली असली की कांदा झोंबत नाही, हे ती स्वतःच सगळ्यांना शिकवत आली होती.

एके दिवशी तिने आपली सुरी पिशवीतच ठेवली आणि इस्पितळाची बोथट सुरी घेतली. चार कांदे चिरले, की चेचले म्हणा. डोळ्यांतून धारा लागल्या. लगेच एक बाई धावत आली, दुसरीने पाणी दिलं, आचाऱ्याने स्वतः स्टूल पुढे केलं. "रडा ताई, मोकळ्या व्हा." सगळ्यांना बरं वाटलं. सुरीताईला काही वाटलं नाही. तिने पदराने डोळे पुसले आणि उरलेले कांदे आपल्या सुरीने चिरले.

घरी ती चिरण्यासारखं काही करेना. पाव, दूध, केळी. रविवार आले तसे गेले. दगड कोरडाच राहिला, पट्टीवरच्या चार सुऱ्यांवर धूळ बसली. जिला घरात धुळीचा कण खपत नसे, तिने ती पाहिली आणि तशीच राहू दिली.

तीन महिन्यांनी एका शनिवारी दुपारी दार वाजलं. धाकटीच्या शाळेतल्या शिवणाच्या बाई होत्या. धाकटीच्या कपाटात राहिलेलं सामान घेऊन आल्या होत्या: चष्मा, छत्री, एक स्वेटर. पाणी प्यायल्या, पण उठेनात.

"एक विचारू का? मला एक चांगली सुरी घ्यायचीय. कात्रीतलं कळतं मला, सुरीतलं नाही. त्या म्हणायच्या, घ्यायची तर आमच्या ताईला विचारून घ्या. तिच्यासारखं अख्ख्या शहरात कुणाला कळत नाही."

"धाकटी म्हणायची?"

"अहो, स्टाफरूममध्ये सगळ्यांना तोंडपाठ आहेत तुमच्या पाच सुऱ्या. ती अकरा वर्षांची गोष्ट तर आम्ही दहा वेळा ऐकलीय."

सुरीताई उठली. तिने ओल्या फडक्याने पट्टीवरच्या सुऱ्या पुसल्या आणि दगड पाण्यात टाकला. "घेण्याआधी धरायला शिका," ती म्हणाली. "बसा."

तासाभराने शिवणाच्या बाई एक बटाटा चिरत होत्या. बोटं आत दुमडायची तेवढी विसरल्या. फळीवर लाल थेंब पडले ते सुरीताईलाच आधी दिसले. तिने झटकन त्यांचा हात ओढून नळाखाली धरला.

"दुखतंय?"

"छे हो. कळलंसुद्धा नाही."

"कळेल," सुरीताई म्हणाली. "आत्ता नाही, जरा वेळाने."

आणि मग तिला नळ बंद करता येईना, शिवणाच्या बाईंनीच दुसऱ्या हाताने तो बंद केला. सुरीताई ओट्याला टेकून खाली फरशीवर बसली. रडली नाही. फक्त म्हणाली, "त्या दिवशी मी गाजरं चिरत बसले." हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. शिवणाच्या बाई बोट पदरात दाबून तिच्याशेजारी बसून राहिल्या. समजूत घातली नाही, हे त्यांनी बरं केलं.

त्यानंतर त्या दर शनिवारी यायला लागल्या. दोन महिन्यांनी दोघी जाऊन त्यांची पहिली सुरी घेऊन आल्या. सुरीताई पुढची सहा वर्षं नोकरी करून निवृत्त झाली. धाकटीसाठी ती पुढे कधी रडली की नाही, ते कुणाला ठाऊक नाही. कुणी विचारलं तर म्हणे, "रोज थोडं थोडं कळतंय." आणि भाजी काय करायची, ते विचारी.