फळ्यावरचे व्यंगचित्रकार आणि माझं मत

मंडळी, आज दुपारी दादरला वाचनालयात आम्ही पाचजण चांगलेच भांडलो. प्रदर्शनासाठी दहा थोर मराठी व्यंगचित्रकार निवडायचे होते. नऊ ठरले. दहाव्या जागेसाठी तावडेकाकांनी सावंतमामांचं नाव सुचवलं. मामा परळला आमच्या नाक्यावरच्या फळ्यावर तीस वर्षं रोज खडूनं व्यंगचित्र काढायचे. काकांनी बोलावलं म्हणून तेही आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, मागच्या खुर्चीत.

"त्यांचं एक तरी चित्र दाखवा," मी म्हणालो. "ऐकीव मोठेपणावर यादी करायची नाही, हे आपलंच ठरलंय."

तावडेकाका भडकले. "म्हणजे छापून आला तोच मोठा काय? तू परळचाच ना रे? फळा बघितलाच नाहीस कधी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बघितला होता. गिरणी बंद पडल्यावर कित्येक महिन्यांनी बाबा हसले, ते त्या फळ्यासमोर. ते चित्र मला अजून रेघन् रेघ आठवतं.

तरी मी म्हणालो, "आठवण हा काही पुरावा नाही."

तीन विरुद्ध दोन मतांनी नाव गेलं. तिसरं मत माझं.

मामा उठले. "बरोबर आहे तुझं. नवीन काढायला जुनं मीच पुसायचो ना," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

मी नियम पाळला, की साक्ष द्यायची टाळली? मत बदलतोय, असा मेसेज काकांना पाठवलाय. त्यांनी वाचलाय.

ज्याचं एकही चित्र उरलं नाही, त्याला तुम्ही थोर म्हणाल का?